बँडवाल्या पोरापोरींनो, गाण्याखाली नाव कुणाचं ते आधी ठरवा

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, पणजी, जिथे कुठे गच्चीवरच्या खोलीत नाहीतर कुणाच्या तरी पार्किंगमध्ये अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून मराठीत रॉक वाजवत असाल त्या सगळ्या बँडना,

नमस्कार मंडळी.

मागच्या महिन्यात तुमच्यातल्याच एका बँडचा गिग ऐकला. नाव नाही घेणार. चौघं होते, विशी-बाविशीचे, आणि त्यांचं तिसरं गाणं इतकं भारी होतं की मी संपल्यावर मुद्दाम मागे जाऊन विचारलं, की हे केलं कुणी रे? गाणारा पोरगा लगेच म्हणाला "आम्ही सगळ्यांनी काका" आणि त्याच वेळी ड्रमवाली मुलगी खाली बघून काड्या बॅगेत भरायला लागली. घरी येऊन फोनवर गाणं शोधलं, क्रेडिट उघडलं, तर संगीत आणि शब्द दोन्हीकडे एकच नाव. गाणाऱ्याचं. त्या मुलीचं ते खाली बघणं मला माहितीये. तीस वर्षांपूर्वी एकजण माझ्यासमोर तसंच खाली बघत होता, आणि त्याला तसं बघायला लावणारा मी होतो. ते पुढे सांगतो, आधी क्वीन या इंग्लंडातल्या रॉक बँडबद्दल बोलू द्या, कारण मला या सगळ्यातलं जे काही कळलं ते त्यांच्यामुळे कळलं.

मी अकरावीत असताना माझ्या मामेभावाने लंडनहून त्यांची एक एलपी, म्हणजे मोठी तबकडी, आणली होती, 'अ नाईट अ‍ॅट द ऑपेरा', १९७५ची. पांढरं कव्हर, मधे ते रंगीत चिन्ह. आमच्याकडे तोवर कॅसेटच असायच्या आणि त्याही टी-सिरीजच्या कोऱ्या कॅसेटवर कुणाकडून तरी भरून घेतलेल्या, त्यामुळे गाण्याच्या नावापुढे कंसात ते गाणं करणाऱ्याचं नाव असतं हेच मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बारा गाणी. पाचांपुढे मर्क्युरी, म्हणजे गाणारा फ्रेडी, चारांपुढे मे, म्हणजे गिटारवाला ब्रायन, एक टेलर, म्हणजे ड्रमवाला रॉजर, एक डीकन, म्हणजे बेसवाला, आणि शेवटी त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलंय त्याच्यापुढेसुद्धा लिहिलेलं की मांडणी मे यांची. राष्ट्रगीताच्या मांडणीलासुद्धा नाव! मी ती यादी इतक्या वेळा वाचली की आजही पाठ आहे. चौघांच्या बँडमध्ये चौघंही गाणी करतात, बेसवाला पण, ड्रमवाला पण, हे मला तेव्हा केवढं तरी नवल वाटलेलं. डीकनने 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' बायकोसाठी केलं, आणि फ्रेडीला ते इलेक्ट्रिक पियानोचं खेळण्यासारखं वाद्य आवडायचं नाही म्हणून डीकनने ते स्वतः शिकून वाजवलं. बेसवाल्याचं गाणं, बेसवाल्याची कळफलकावरची बोटं, आणि कंसात त्याचं नाव. मस्त वाटतं ना ऐकायला.

पण त्याच एलपीत भांडणाचं मूळ पण होतं, ते मला खूप नंतर कळलं.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ३१ ऑक्टोबर १९७५ला आलं, जवळपास सहा मिनिटांचं, इंग्लंडात नऊ आठवडे एक नंबरवर राहिलं. सिंगल म्हणजे छोटी तबकडी, एका बाजूला हे, आणि उलट बाजूला काय घालायचं? तर रॉजर टेलरचं 'आय'म इन लव्ह विथ माय कार'. गोष्ट अशी सांगतात की रॉजरने स्वतःला कपाटात कोंडून घेतलं आणि माझं गाणं उलट बाजूला घेता का नाही बोला, तोवर बाहेर येत नाही म्हणून बसला. लोक हे हसत हसत सांगतात. पण बघा ना त्यामागे काय होतं. तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या गाण्यांना विक्रीची रॉयल्टी सारखी मिळायची, म्हणजे लोक फ्रेडीच्या गाण्यासाठी दुकानात रांग लावणार आणि जेवढे पैसे त्या विक्रीतून फ्रेडीला तेवढेच रॉजरला. आणि ब्रायन, ज्याने त्याच गाण्यातला गिटारचा तो सोलो स्वतः रचला, नुसती गाण्याची चाल गिटारवर न काढता एक वेगळी चाल तिच्यात विणली, त्याला लेखक म्हणून त्या तबकडीतून शून्य. डीकनला शून्य. ऑपेराच्या भागात जो कानठळ्या बसवणारा वरचा सूर आहे तो रॉजरचा आवाज, पण तो आवाज त्याच्या नावाच्या कंसात येत नाही, त्याचं गाडीवरचं गाणं येतं. आता यात लबाडी कुणीच केली नाही. नियमच तसा होता. फ्रेडीचं सुरुवातीपासून म्हणणं असायचं की शब्द ज्याने आणले गाणं त्याचं, असं बाकीच्यांनी नंतर मुलाखतींमधून सांगितलंय. साधा सोपा नियम, वाद नको म्हणून केलेला, आणि त्यानेच वर्षानुवर्षं आतल्या आत कुरबुर चालू राहिली. कुठलं गाणं सिंगल म्हणून काढायचं हा प्रश्न संगीताचा राहातच नाही मग, तो घरखर्चाचा होतो.

एक गंमतीशीर अपवाद होता. १९७४च्या 'शीअर हार्ट अटॅक'मधलं 'स्टोन कोल्ड क्रेझी'. ते इतकं जुनं होतं आणि इतक्या वेळा बदललेलं की नक्की कुणाचं हे कुणालाच आठवेना, म्हणून चौघांची नावं टाकली. चौघांच्या नावावरचं त्यांचं ते पहिलं गाणं. आठवेना म्हणून! मला नेहमी वाटतं की खरं उत्तर त्यांच्याकडे तेव्हाच होतं आणि ते अपघाताने सापडलेलं म्हणून त्यांनी पुढची पंधरा वर्षं त्याच्याकडे फारसं बघितलं नाही.

मग १९८१. स्वित्झर्लंडमधला माँत्र्युचा स्टुडिओ, इंग्लंडातलाच गायक डेव्हिड बोवी आलेला, आणि रात्रभर खेळत खेळत 'अंडर प्रेशर' झालं. त्यातली बेसची ती ओळ, दोन सुरांची, तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल. ती कुणाची? ब्रायन आणि रॉजर सांगतात डीकनची, तो वाजवत होता, मग सगळे पिझ्झा खायला गेले, परत आल्यावर डीकन ती विसरूनच गेला. आणि डीकनने स्वतः तेव्हा श्रेय बोवीला दिलेलं. म्हणजे एकाच खोलीतली माणसं, तीच रात्र, आणि आठवणी वेगळ्या, आणि इथे कुणी ओढून घेत नव्हतं तर एकमेकांकडे ढकलत होते. गाण्यावर नाव पाचही जणांचं पडलं. १९९०मध्ये व्हॅनिला आइस नावाच्या अमेरिकन रॅपरने तीच ओळ न विचारता उचलली तेव्हा प्रकरण मिटवून पैसे आणि नावं द्यावी लागली, आणि कुणाची म्हणून द्यायची हा प्रश्न तिथे आलाच नाही कारण पाच नावं आधीच कागदावर होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, बाहेरचा चोर येतो तेव्हा घरातली यादी तयार असावी लागते.

१९८९ला 'द मिरॅकल' आलं. तेव्हा मी कॉलेजात, आणि ही मात्र कॅसेट होती, मुंबईतल्या काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या दुकानातून स्वतःच्या पैशाने घेतलेली. लोकलमध्येच इनले कार्ड, म्हणजे डबीतला छापील कागद, उघडलं, कंस शोधले, तर कंसच नाहीत! सगळी गाणी क्वीनची. मला खरं सांगतो तेव्हा राग आलेला, मला माझे कंस पाहिजे होते, हे मेचं असणार, हे रॉजरचं असणार असं मी आणि माझा मित्र ओळखत बसायचो. फ्रेडी तेव्हा किती आजारी होता हे जगाला माहीत नव्हतं. आता त्या निर्णयाकडे बघतो तेव्हा वाटतं की ज्या बँडकडे वेळ कमी उरलाय त्याने केलेली ती सगळ्यात शहाणी गोष्ट. शब्द कुणाचे, चाल कुणाची, सगळं एका नावाखाली, पैसे चौघांत सारखे, आणि मग गाणं निवडताना फक्त गाणं बघायचं. ब्रायनने पुढे हा निर्णय किती बरा ठरला ते सांगितलंय आणि आधीच करायला हवा होता अशी चुटपुट पण त्याच्या बोलण्यात असते.

आणि एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नाही, मीच दोन तबकड्या शेजारी ठेवल्यावर दिसली. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ला गेला. त्यानंतर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' परत काढलं, परत एक नंबर, पाच आठवडे. यावेळी त्याच्या जोडीला 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज'. ते गाणं मुख्यत्वे रॉजरचं. म्हणजे दोन्ही वेळेला फ्रेडीच्या त्या गाण्याच्या पाठीला पाठ लावून रॉजरच. पहिल्यांदा कपाटात बसून मिळवलेलं नाव, स्वतःचं. दुसऱ्यांदा त्याहून कितीतरी चांगलं गाणं आणि खाली नुसतं क्वीन. आणि ते पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. मी हे ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी गाणं लावून रडलोय, सोळा वर्षांत माणूस कुठून कुठे येतो.

पण सगळ्यांनी क्वीनसारखं सारखं वाटून घ्या असंच मी म्हणत नाहीये. कधी कधी ते खोटं पण असतं. एक जण खरंच सगळं घेऊन येतो आणि बाकीचे वाजवतात, त्याला चौथाई देणं हा त्याच्यावर अन्याय. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो, प्रोकॉल हॅरम या दुसऱ्या इंग्लिश बँडची. 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल', मे १९६७. सुरुवातीला तो हॅमंड ऑर्गन येतो, जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या सावलीतला, आणि गाणारा तोंड उघडायच्या आधीच तुम्ही गेलेले असता. गाण्यावर नावं दोन, शब्द कीथ रीड, संगीत गॅरी ब्रूकर. ऑर्गन वाजवला मॅथ्यू फिशरने, तो त्याच्या काही आठवडे आधीच बँडमध्ये आलेला. ब्रूकरकडे पियानोवरचे कॉर्ड आणि गाण्याची चाल होती, ऑर्गनची ती चाल फिशरने बसवली. फिशर १९६९ला बँड सोडून गेला, नव्वदच्या दशकात परत आला, आणि २००५मध्ये म्हणजे ३८ वर्षांनी कोर्टात गेला, की मी पण या संगीताचा लेखक आहे.

लोक म्हणाले एवढी वर्षं झोपला होतास का. माझी विनंती आहे की हे वाक्य बँडमधल्या कुणालाच कधी म्हणू नका. विशीतला पोरगा, नवीन बँड, गाणं जगभर वाजतंय, त्याला वाटतं की आत्ता तोंड उघडलं तर आपली ही खुर्ची पण जाईल, ऑर्गनवाले काय कमी आहेत का. मग पुढच्या अल्बमला बोलू, मग टूर संपल्यावर बोलू, मग त्याचं लग्न झाल्यावर, आणि असं करता करता आयुष्य निघून जातं हो.

डिसेंबर २००६मध्ये हायकोर्टाने फिशरला संगीतातला ४० टक्के वाटा दिला. निम्मा नाही, कारण ब्रूकरचं काम जास्त धरलं, पण ४०. २००८ला अपील कोर्टाने लेखक म्हणून नाव राहू दिलं पण इतका उशीर केला म्हणून पैसे काढून घेतले. आणि ३० जुलै २००९ला हाउस ऑफ लॉर्ड्सने, पाचही न्यायाधीशांनी एकमताने, ते परत दिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मालकीचा हक्क सांगायला मुदत नसते, आणि तो उशीर केल्याने समोरच्यांचं नुकसान कुठे झालं, उलट इतकी वर्षं त्याच्या वाट्याचे पैसे त्यांनाच मिळत राहिले. त्या पाचांतल्या बॅरोनेस हेल यांनी तर निकालात लिहिलं की साठचं दशक आठवणाऱ्यांपैकी मी एक, आणि त्या ऑर्गनच्या कर्त्याला शेवटी मान मिळाला याचा मला आनंद आहे. पण हे पण ऐका, पैसे मिळाले ते २००५पासून पुढचेच. मधली ३८ वर्षं, ज्यात ते गाणं खरं विकलं गेलं, ती गेली. आणि ब्रूकर आणि फिशर, एकमेकांच्या बोटांवर नजर ठेवून वाजवणारी दोन माणसं, कोर्टात समोरासमोर उभी राहिली. आता ब्रूकर गेला २०२२ला, रीड गेला २०२३ला.

हे सगळं लांब इंग्लंडातलं, असं म्हणू नका. आपल्या मुंबईत गोव्याहून आलेली माणसं, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, यांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांचे व्हायोलिनचे ताफे, मधले तुकडे, नोटेशन लिहून लिहून आयुष्यं घातली, आणि तबकडीवर संगीतकाराचं नाव. गोन्साल्विसांचं नाव घराघरात गेलं तेसुद्धा त्यांच्या शिष्याने, प्यारेलाल यांनी, एका पात्राच्या गाण्यात घातलं म्हणून. तो एक फार मोठा विषय आहे, त्याला एक वेगळं पत्र पाहिजे.

आणि कायदा. कॉपीराइटचा कायदा १९५७चा, त्यात २०१२ला जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही, वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. एवढं मोठं संरक्षण आहे. आणि ते आयुष्यभर आणि मेल्यावर पुढे साठ वर्षं. पण कुणाला? जो संगीतकार आहे त्याला. आपल्याकडे संगीतकार ठरायला नोटेशन लिहिता यावं लागत नाही, नुसतं गुणगुणून केलंत तरी तुम्ही संगीतकार, कायद्यातच तसं आहे. म्हणजे त्या ड्रमवाल्या मुलीने जर तो मधला ठेका आणि त्यावरची ओरडायची चाल केली असेल, आणि मला कान आहेत, मला ऐकू आलं की ते गाणं तिथेच उभं राहतं, तर तो हक्क तिचा आहे. फॉर्मवर नाव नसेल तर तो हक्क मागायला तिला तिच्याच मित्राच्या विरोधात उभं राहावं लागणार.

आता माझं सांगतो.

१९९४ला आमचा बँड होता, पाच जण, मी कीबोर्डवर. एका छोट्या कंपनीने आमची चार गाण्यांची कॅसेट काढायची ठरवली. त्यांच्या ऑफिसात मी आणि आमचा गाणारा दोघंच गेलो होतो, बाकीच्यांना नोकरी, परीक्षा. त्यांनी कागद पुढे केला, संगीत कुणाचं लिहा. आणि मी आमच्या दोघांची नावं लिहिली. चारही गाण्यांना. त्यातलं दुसरं गाणं ज्या बेसच्या ओळीवर उभं होतं ती आमच्या बेसवाल्याने माझ्याच घरी, माझ्या आईने केलेले पोहे खाताना, ताटली मांडीवर ठेवून वाजवून दाखवलेली. मी त्यावर कॉर्ड लावले. मला त्या ऑफिसात हे आठवत होतं. मी विसरलो नव्हतो. माझ्या डोक्यात एवढंच आलं की बेसच तर आहे, चाल थोडीच आहे.

कॅसेट आली, आम्ही माझ्याकडे जमलो, प्रत्येकाने इनले कार्ड उघडून बघितलं. तो पण बघत होता. मग त्याने ते घडीवर घडी नीट बसवून परत डबीत घातलं आणि खाली बघत बसला. काही बोलला नाही. पुढच्या दोन प्रॅक्टिसला आला, तिसऱ्याला आला नाही. कॅसेट काही फार विकली गेली नाही, पैशाचा प्रश्न कधी आलाच नाही. त्यामुळेच मला वाटायचं की फार काही झालं नाही. पंचवीस वर्षं तो मला रस्त्यात भेटला की हसायचा आणि पुढे जायचा.

तीन वर्षांपूर्वी ती जुनी टेप डिजिटल करून घेतली आणि गाणी ऑनलाइन चढवायला घेतली, तिथे परत तोच रकाना आला, संगीतकार. मी त्याला फोन केला. विचारलं, तुझं पूर्ण नाव स्पेलिंगसकट सांग. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला "कुठल्या गाण्याला?" मी म्हटलं दुसऱ्या. तो म्हणाला "तिसऱ्याचा पण मधला तुकडा माझा होता." आणि तो होता. मी ते खरंच विसरलो होतो. दोन्हीला नाव टाकलं.

तर मंडळी, माझं मागणं काय आहे सांगतो. जॅम, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवून बघणं, संपला, फोनवर रेकॉर्डिंग करून झालं की त्याच रात्री, चहा प्यायला जायच्या आधी, सगळे खोलीत असताना, एका कागदावर लिहा. गाण्याचं नाव, तारीख, कुणी काय आणलं, वाटा किती. स्प्लिट शीट म्हणतात त्याला, वकील लागत नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही, सगळ्यांच्या सह्या आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये फोटो. सारखा वाटा करायचा तर तसं लिहा, ७०-३० करायचा तर तसं. भांडण होईल, होऊ द्या, त्या रात्रीचं भांडण अर्ध्या तासाचं असतं. आयपीआरएसला, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीला, नोंदवताना, कंपनीच्या ऑफिसात जाताना, ऑनलाइन फॉर्म भरताना तो कागद समोर ठेवा, आणि एकट्या-दुकट्याने जाऊ नका. बेसवाल्याची परीक्षा असेल तर परीक्षा होऊ द्या, मग जा.

आणि त्या चौघांपैकी गाणाऱ्या पोराने हे वाचलं तर बाळा, तुझा आवाज फार चांगला आहे. क्रेडिट बदलता येतात, गाणी ऑनलाइन चढवणाऱ्या तुमच्या डिस्ट्रिब्युटरला विचार. तिला आधी फोन कर.

तुमचा,
एक जुना कीबोर्डवाला, पुणे

ता.क. पाचगणीला कधी गिग लागला तर सेंट पीटर्स शाळेसमोर दोन मिनिटं थांबा. फ्रेडी, म्हणजे तेव्हाचा फारूख बलसारा, तिथे शिकला आणि तिथल्या पोरांच्या 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये होता. गाणारा दुसराच एक मुलगा होता, फ्रेडी मागे पियानोवर बसायचा.